पिशवीतली बिलं

पुण्यात सीएच्या ऑफिसात बरीच वर्षं काढल्यावर मी स्वतःचं काम सुरू केलं. दुकानदारांची अकाउंट्स लिहायची, टॅली अपडेट ठेवायची, जीएसटीची रिटर्न भरायची. कार्डं छापली, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. शुभेच्छा भरपूर आल्या, काम एकही नाही. आता वाटतं, लोकांचं बरोबरच होतं. उधारी कुणाकडे, माल कितीला येतो, सुटतं किती, हे सगळं ज्या वहीत आहे ती कार्ड बघून कोण कुणाच्या हाती देईल?

म्हणून मी ओळखीच्या एका सीएंना भेटले. जुन्या ऑफिसचे नव्हेत. तिथले क्लायंट फोडायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं. म्हटलं, "सर, ज्यांची बिलं पिशवीतून येतात, ते मला द्या." असल्या एंट्र्या करत बसणं सीएंना परवडत नाही, आणि ऑडिटवर सही करण्याचा अधिकार मला नाही, त्यामुळे माझी त्यांना स्पर्धाही नाही. ते हसले आणि बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरवाल्या काकांचा नंबर दिला.

काकांनी फी विचारलीच नाही. पहिला प्रश्न : "आमच्या लायनीत आणखी कुणाचं बघता?"

"बघत असले तरी नाव सांगणार नाही, काका. तुमचंही कुणाला सांगणार नाही."

त्यांनी काउंटरखालून पिशवी काढली. (फीची घासाघीस नंतर झाली, आणि चांगली झाली.)

खरेदीची बिलं टू-बीशी, म्हणजे सप्लायरनी जीएसटी पोर्टलवर चढवलेल्या बिलांच्या यादीशी, ताडून पाहिली, तर एका सप्लायरची बिलं तिथे दिसेनातच. १ जानेवारी २०२२ पासून टू-बीत नसलेल्या बिलावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे काकांनी बिलाबरोबर कर मोजला होता, पण क्रेडिट अडकलेलं. काकांनी तिथल्या तिथे फोन लावला. "बिलं चढवल्याशिवाय पुढचं पेमेंट नाही!" पलीकडचा माणूसही वैतागलेला. त्याचा टॅलीवाला काम सोडून गेला होता, रिटर्न तुंबली होती, दिवसाला ५० रुपये लेट फी चढत होती, कराच्या रकमेवर १८ टक्के व्याज वेगळंच. शेवटी तोच म्हणाला, "मग तुमच्या मॅडमनाच पाठवा की इकडे."

दुसरं काम असं भांडणातून आलं. त्याच्याकडे गेल्यावर चहा व्हायच्या आतच त्याने विचारलं, "काका आमच्याशिवाय अजून कुणाकडून माल उचलतात?" मी म्हटलं, "बिलं द्या." त्याने दिली. पुढे त्यानेच शेजारच्या गाळ्यातलं काम मिळवून दिलं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी सीएंकडे जरूर जावं, पण महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आगेमागे नको. जीएसटीआर-१ आणि थ्री-बी रिटर्नच्या त्या गर्दीत कुणी मान वर करत नाही. २१ नंतर जा. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची धावपळ असते, तो महिना सोडूनच द्या.