मॅकगिल ते सर्वोच्च न्यायालय

मॉन्ट्रियल

ती. बाबांस सा. न.

इथल्या प्राध्यापकांनी राज्यघटना नुसती शिकवली नाही, ते तिच्यासाठी भांडलेही. मॅकगिल विद्यापीठाचे फ्रँक स्कॉट कवी होते आणि कायदा शिकवायचे. रोंकारेली नावाच्या हॉटेलमालकाने जेहोवाज विटनेस पंथाच्या अटक झालेल्या शेकडो लोकांना जामीन दिला. कॅनडाच्या क्युबेक प्रांताचे प्रीमियर द्युप्लेसी यांच्या सांगण्यावरून १९४६मध्ये त्याचा दारूचा परवाना रद्द झाला. स्कॉट त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. परवाना देण्या-नाकारण्याचा अधिकारही मनमानीने वापरता येत नाही, हे तिथे ठरलं.

इथलेच तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर १९६५मध्ये माउंट रॉयल मतदारसंघातून निवडणुकीला उभे राहिले. समोर होते मॉन्ट्रियल विद्यापीठात कायदा शिकवलेले पिएर त्रुदो. त्रुदो जिंकले, पुढे पंतप्रधान झाले. वाद मात्र राहिला. त्रुदोंच्या मते कोणत्याच प्रांताला खास दर्जा नको, नागरिक सगळे सारखे. टेलर म्हणतात, फ्रेंच भाषा टिकवू पाहणाऱ्या क्युबेकच्या समाजाचं वेगळेपण मान्य केलं, तरच देश एकत्र राहील. मला टेलर पटतात. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पाहिलेल्या तुम्हालाही पटतील.

ओटावा

आज सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीसमोर बराच वेळ उभी होते. १९८२मध्ये त्रुदोंनी घटनेची सूत्रं ब्रिटनकडून कॅनडाकडे आणली, तीही क्युबेक सरकारची संमती नसताना. क्युबेकमध्ये तो सल अजून आहे. ३० ऑक्टोबर १९९५च्या सार्वमतात क्युबेकच्या सार्वभौमत्वाच्या बाजूने ४९.४२ टक्के मतं पडली. देश थोडक्यात वाचला. मग केंद्र सरकारने न्यायालयालाच विचारलं: क्युबेकला एकतर्फी फुटता येतं का?

२० ऑगस्ट १९९८ला उत्तर आलं. एकतर्फी फुटता येत नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं, तर उरलेल्या देशाला वाटाघाटींना बसावंच लागेल. संघराज्य, लोकशाही, कायद्याचं राज्य, अल्पसंख्याकांचं रक्षण: या चार तत्त्वांतून न्यायमूर्तींनी हे बंधन काढलं. घटनेत ते कुठेही लिहिलेलं नाही! दोन्ही बाजूंना हा आपला विजय वाटला, हेच मला त्यातलं मोठेपण वाटतं.

आपल्याकडे राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही, हे बाबासाहेबांनी संविधान सभेतच स्पष्ट केलं होतं. बाबा, आपल्या संविधानाचं पहिलं कलम शिकवाल तेव्हा शेजारी हा निकाल ठेवा आणि मुलांना वाद घालू द्या.

आईला नमस्कार.

तुमची,
मीरा