दाणा जवाचा, चव अक्रोडाची

उत्तर इंग्लंडात ‘नट ब्राउन एल’ नावाची तपकिरी बिअर प्रसिद्ध आहे. नावावरून तीत अक्रोड किंवा बदाम घालत असावेत, असे कोणासही वाटेल. वस्तुतः तिच्या पारंपरिक कृतीत असल्या फळाचा कणही नसतो. मग ती चव येते कोठून?

ती येते आगीतून. जव भिजवून त्यांस मोड आणतात, मग ते वाळवून भाजतात. या आचेने दाण्यातील साखर व प्रथिने यांचा संयोग होऊन नवे रंग व नवे गंध जन्मास येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. पावाचा खरपूस पापुद्रा, कॉफीचा दरवळ आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास ही सारी तिचीच लेकरे. वाटपासाठी खोबरे भाजणाऱ्या आपल्या गृहिणींस हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक असते. आच कमी पडली तर चव येत नाही आणि क्षणभर अधिक झाली तर सारेच करपते.

यॉर्कशायरमधील एका धर्मग्रामात काही आठवडे सेवा करण्याचा योग आम्हांस आला, तेव्हा ही एल प्रथम चाखली. ती जवळच्या टॅडकॅस्टर गावची होती. तेथील सॅम्युएल स्मिथ यांच्या कारखान्याचा आरंभ १७५८ सालचा असून पाटीच्या दगडाच्या चौकोनी हौदांत बिअर आंबवण्याची जुनी रीत त्याने जपली आहे. आमच्या यजमान धर्मगुरूंनी एकच बाटली दोघांच्या पेल्यांत वाटली. उजेडात धरता रंग तांबूस तपकिरी दिसला. वास भाजलेल्या पावाचा आला. पहिल्या घोटास किंचित गोडवा होता, मागोमाग अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा आला आणि शेवटी सौम्य कडवटपणा जिभेवर रेंगाळला. फार गार केल्यास हे बारकावे दबतात. घाईने प्यायल्यास तर ते जाणवतच नाहीत.

येथेच आमचे मन आपल्या घरांकडे वळते. पंचवीसहून अधिक वर्षांच्या सेवेत दारूने मोडलेले संसार आम्ही जवळून पाहिले. त्या घरांत मद्याच्या चवीविषयी कोणी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही. तेथे पेला भरण्याची व रिता करण्याची घाई तेवढी असे. चव घेण्यास थांबावे लागते, आणि व्यसनास नेमके थांबणेच ठाऊक नसते. म्हणून ज्यांस पेल्यापासून दूर राहणे हिताचे, त्यांनी दूरच राहावे. एलही मद्यच आहे. तीत सुमारे पाच टक्के मद्यार्क असतो.

परंतु लग्नकार्यात, सणावारी ज्या घरांत पेला पुढे येतो, तेथील वडीलधाऱ्यांस एक सुचवावेसे वाटते. मुलगा परतल्यावर ‘किती घेतलीस?’ असे आपण विचारतो. त्यासोबत ‘चव कशी होती?’ असेही विचारून पाहावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर तो पेला चवीसाठी नव्हता, एवढे तरी दोघांस वेळीच कळेल.