शामरीचं पाणी

फ्रान्समध्ये रँस शहराच्या पश्चिमेला शामरी नावाची एक वाडी आहे. भोवती चढउतारांची शेतजमीन, मधूनच झाडीचा पट्टा. १४ जुलै १९१८ रोजी या शिवारात एक विमान कोसळलं. चालवणारा वीस वर्षांचा लेफ्टनंट क्वेंटिन रूझवेल्ट, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा धाकटा मुलगा. चारच दिवसांपूर्वी त्यानं आपलं पहिलं शत्रुविमान पाडलं होतं. त्या दिवशी झुंजीत गोळ्या त्याच्या डोक्याला लागल्या.

शामरी तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होती. ज्यांनी मारलं, त्यांनीच त्याला लष्करी इतमामानं पुरलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या महायुद्धातली मार्नची दुसरी लढाई पेटली. काही आठवड्यांत हा मुलूख दोस्तांच्या हाती आला आणि अमेरिकी सैनिक वाट वाकडी करून त्या कबरीपाशी येऊ लागले.

आता मुलाला घरी आणायचं की तिथेच ठेवायचं? अमेरिकेनं युद्धात उतरावं म्हणून याच बापानं देशभर आवाज उठवला होता आणि आपले चारही मुलगे लढायला धाडले होते. तो आणि त्याची पत्नी एडिथ, दोघांनी कळवलं : तो पडला तिथेच राहू द्या. या निर्णयात मला ताठा दिसत नाही. हजारो घरांचे मुलगे त्याच मातीत पडलेले असताना आपल्या पोरासाठी वेगळं काही मागायचं नाही, असंच त्यांना वाटलं असावं. पुढे सहा महिनेही उलटले नाहीत. ६ जानेवारी १९१९ ला बापही गेला.

एडिथनं मुलाच्या नावानं शामरीत दगडी कारंजं बांधून घेतलं. आपल्याकडे गेलेल्याच्या नावानं पाणपोई घालतात, तसंच हे. त्या आईची भाषा आपल्याला परकी नाही.

एडिथ १९४८ साली गेली. १९५५ मध्ये क्वेंटिनला शामरीतून हलवून नॉर्मंडीत, ओमाहा किनाऱ्यावरच्या कॉलेव्हिलच्या दफनभूमीत नेलं. तिथे त्याचा थोरला भाऊ टेड होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं त्या दिवशी, ६ जून १९४४ रोजी, छप्पन्न वर्षांचा हा जनरल हातात काठी घेऊन पहिल्या तुकड्यांबरोबर यूटा किनाऱ्यावर उतरला होता. त्याच दिवशी ओमाहावर त्याचा मुलगाही उतरला. काकाच्याच नावाचा, क्वेंटिन. महिनाभरानं, १२ जुलैला, टेड हृदयविकारानं गेला. नऊ हजारांहून अधिक कबरींच्या त्या आवारात पहिल्या महायुद्धातला सैनिक एकच, शामरीतून आणलेला क्वेंटिन. दोघं भाऊ शेजारी शेजारी आहेत. वीस वर्षांचा आणि छप्पन्न वर्षांचा.

कॉलेव्हिलची ती हिरवळ, आखीव रांगा, खाली समुद्र. तिथे माणूस नतमस्तक होतो. पण एवढ्या संगमरवरासमोर मरण भव्य वाटू लागतं, आणि मला त्याची भीती वाटते. शामरी असं होऊ देत नाही. तिथे रांगा नाहीत. एका पोराचं नाव आणि गावासाठी सोय. युद्धात गेलेल्यांची आठवण ठेवायची तर मला आईची ही रीत जास्त खरी वाटते. तिनं मुलाच्या पराक्रमाचा हिशेब मांडला नाही की कुणाकडे सूडही मागितला नाही. परक्या मुलखातल्या ज्या माणसांच्या शिवारात तो पडला, त्यांच्या रोजच्या जगण्याला तिनं हात दिला. मरणाच्या बदल्यात जगणाऱ्यांना काही देणं, याहून मोठं स्मारक मला माहीत नाही.