शाळेच्या आधीची शाळा

एप्रिल-मे महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच बोलणे ऐकू येते. कोणाच्या मुलाला कोणत्या नर्सरीत घातले, फी किती, डोनेशन किती, गणवेश कोणत्या दुकानातून घ्यावा लागतो. तीन वर्षांच्या लेकरासाठी भिशी उचलली जाते, बचत गटाचे कर्ज काढले जाते, प्रसंगी कानातले गहाण पडते. ही तळमळ पाहिली की ऊर भरून येतो. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवले गेले, ते आई-बाप आज पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवीत आहेत. बाबासाहेबांनी दिलेली दृष्टी आपल्यात किती खोल रुजली आहे, याची ही साक्ष आहे.

परंतु या तळमळीबरोबर एक गैरसमजही आपल्या घरात शिरला आहे. शिक्षण ही बाहेरून विकत आणायची वस्तू आहे आणि आपल्यासारख्या कमी शिकलेल्या माणसांच्या घरात लेकराला देण्यासारखे काही नाही, असे अनेकांना मनापासून वाटते. हा गैरसमज कोणत्याही फीपेक्षा महाग पडतो, असे माझे मत आहे.

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदनेनंतर आम्ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एकत्र बसवतो. काही वर्षांपूर्वी तिथे चार वर्षांची एक मुलगी येऊ लागली. आई चार घरी स्वयंपाक करणारी. मुलीला इंग्रजीतून फळांची, प्राण्यांची नावे धडाधडा येत. पण "आज सकाळी काय खाल्लंस गं?" असे विचारले की ती नुसती बघत राही. आईला विचारले तर ती म्हणाली, "ताई, शाळेतल्या मॅडमनी सांगितलंय, घरात इंग्लिशच बोलायचं. मला कुठं येतंय इंग्लिश? म्हणून मी बोलतच नाही. मोबाईल लावून देते." घरात आजी होती. परंतु तिच्या बोलण्याने मुलीची भाषा गावठी होईल, म्हणून आजीच्या गोष्टीही बंद केल्या होत्या. मुलगी मुकी नव्हती, तिच्याशी बोलणारे घर मुके झाले होते.

लहान मूल भाषा शिकते ती बोलण्यातून. आपण काही विचारावे, त्याने बोबडे उत्तर द्यावे, आपण त्यावर पुन्हा काही म्हणावे, अशी देवाणघेवाण झाली पाहिजे. मोबाईल बोलतो, पण मुलाचे उत्तर ऐकून घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी असल्यास अधिक चांगले. आणि ज्या मुलाची घरची भाषा पक्की असते, त्याला पुढे इंग्रजीही सोपे जाते. आजीची बोली ही अडचण नाही, ते भांडवल आहे.

आपण बाबासाहेबांच्या शिक्षणाविषयी बोलतो तेव्हा कोलंबिया आणि लंडनपासून सुरुवात करतो. त्याआधी सुभेदार रामजी सकपाळ होते. परळच्या चाळीतील एका खोलीत, माणसांच्या गर्दीत, हा बाप मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवीत होता आणि पैसे नसले तर लेकींकडून उसने आणून पुस्तके घेत होता. त्या खोलीत टेबल-खुर्ची नव्हती, लक्ष देणारा माणूस होता. आपल्या घरातही तेवढेच हवे आहे.

आता कोणी म्हणेल, ताई, आम्ही सकाळी सहाला घर सोडतो आणि रात्री आठला परत येतो, वेळ कुठून आणायचा? वेगळा वेळ काढायचाच नाही. जे काम आपण रोज करतो, त्यातच लेकराला ओढून घ्यायचे.

स्वयंपाकापासून सुरुवात करू. हरभरा, चवळी आणि मूग ताटात एकत्र करा, तीन वाट्या समोर ठेवा आणि मुलाला सांगा, "सारखे सारखे एका वाटीत टाक." या खेळातून सारखे काय आणि वेगळे काय, हे डोळ्यांना कळू लागते. उद्या 'म' आणि 'भ' यांतला किंवा 'घ' आणि 'ध' यांतला बारीक फरक ओळखायचा आहे, त्याची तयारी अशी होते. मात्र लहान मुले कडधान्य नाकात, तोंडात घालतात. म्हणून हा खेळ मोठ्या माणसाच्या नजरेसमोर आणि चुलीपासून, गॅसपासून लांबच खेळावा.

जेवणाच्या वेळी विचारा, "आज जेवायला किती जण? तेवढ्या ताटल्या आण." अनेक मुले एक ते वीस अंक घडाघडा म्हणतात, पण चार माणसांना चार ताटल्या आणताना गोंधळतात. कारण अंक पाठ झाले, मोजणे आले नाही. मी कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहिते. वहीतला प्रत्येक आकडा कुठल्या तरी आलेल्या किंवा गेलेल्या वस्तूचा असतो, तसा नसेल तर तो आकडा खोटा. मुलालाही आधी ताटली, मग आकडा, असेच शिकवले पाहिजे.

पाण्याचा एक खेळ मला फार आवडतो. एक उंच पेला आणि एक पसरट वाडगा घ्या. मुलासमोर दोन सारख्या वाट्या भरून पाणी घ्या. एक वाटी पेल्यात ओता, दुसरी वाडग्यात. "जास्त पाणी कशात?" असे विचारा. चार वर्षांचे मूल बहुधा पेल्याकडे बोट दाखवील, कारण त्यात पाणी उंच दिसते. त्याला "चूक" म्हणू नका. त्याच्याच हाताने पाणी पुन्हा वाट्यांमध्ये ओतायला लावा आणि पाहू द्या. आठवड्याने पुन्हा खेळा. आज त्याला पटणार नाही, काही काळाने आपोआप पटेल. भगवान बुद्धांनी आपला धम्म 'एहिपस्सिको' म्हणून सांगितला. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. तो संस्कार या वाटीभर पाण्यापासून सुरू होऊ शकतो.

अक्षरे गिरवण्याची घाई नको. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील लहान हाडे अजून पुरती तयार झालेली नसतात, बोटांत पेन्सिल पेलण्याची ताकद आलेली नसते. त्याला आधी कणकेचा गोळा मळू द्या, छोटी भाकरी थापू द्या, शेंगा सोलू द्या, ओला रुमाल पिळू द्या, जुन्या वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या फाडू द्या. ज्या बोटांनी आज भाकरी थापली, तीच बोटे वेळ आली की अक्षर वळणदार काढतील.

डोळ्यांबरोबर कानही तयार व्हायला हवा. कपडे वाळत घालताना म्हणा, "मी भाकरी म्हणते, तू 'भ'ने सुरू होणारं दुसरं सांग." भात, भाजी, भीम, असे शब्द येत जातात. अक्षर दाखवायचे नाही, फक्त आवाज पकडायचा. ज्याला शब्दातला आवाज ऐकू येतो, त्याला पुढे वाचन जड जात नाही. त्यासोबत मुलाचे नाव मोठ्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या डब्याजवळ लावा. वाचायला शिकताना स्वतःच्या नावाइतका गोड शब्द दुसरा नाही.

विहारही शाळाच आहे. पंचरंगी धम्मध्वजाकडे बोट करून निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे रंग ओळखायला लावा, मग घरात त्या त्या रंगाची वस्तू शोधायला पाठवा. पिंपळाचे पान आणि आंब्याचे पान शेजारी ठेवून विचारा, "शेपटीसारखं टोक कोणाला आहे?" पिंपळाचे पान कागदाखाली ठेवून वरून मेणाचा खडू आडवा घासला की पानाच्या शिरा कागदावर उमटतात. मुले तोंडाचा 'आ' वासून पाहतात. त्याच वेळी बोधिवृक्षाची ओळखही करून देता येते.

हे सर्व आईनेच करायचे, असे मात्र कोणी समजू नये. आमच्याकडे रिक्षा चालवणारे एक भाऊ आहेत. ते रात्री घरी आले की मुलाला रिक्षाजवळ घेऊन जातात आणि नंबर पाटीवरचे आकडे वाचून घेतात. बाजारात गेलेला बाप कांदे मोजून पिशवीत टाकायला मुलाला सांगू शकतो. बाप शिकवतो आहे, हे मुलीने आणि मुलाने सारखेच पाहिले पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शिकवण्याच्या कामात पती-पत्नी दोघेही होते, हे आपण विसरू नये.

आणि आता आजीविषयी. त्या मुलीच्या आजीला मी विहारात बोलावले. ती म्हणाली, "मला कुठं लिवता-वाचता येतंय पोरी? मी काय शिकवणार?" मी म्हटले, "आजी, गोष्ट तर सांगता येते ना?" तिने सिद्धार्थाची आणि जखमी हंसाची गोष्ट सांगितली, तीही तिच्या गावच्या बोलीत. बाण लागून हंस खाली पडला, तिथे ती थांबली आणि मुलांना म्हणाली, "आता सांगा, ह्यो हंस कुणाचा? मारणाऱ्याचा का वाचवणाऱ्याचा?" सगळी मुले एकदम ओरडू लागली. काही रविवारांनी ती गप्प राहणारी मुलगीही बोलली. "आजी, त्याला पाणी पाजलं का?" एवढेच तिने विचारले. आजीच्या डोळ्यांत पाणी आले. जिला कधी कोणी शाळेत घातले नाही, तिला त्या दिवशी नातीने प्रश्न विचारला आणि उत्तर तिच्याकडे होते.

घरी शिकवायचे म्हणजे शाळेत घालायचे नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तिथे आहाराबरोबर पूर्वशालेय शिक्षणही आहे आणि ते फुकट आहे. आपल्या अंगणवाडीत काय शिकवतात, हे जाऊन पाहा, सेविकाताईंना साहाय्य करा, कमी असेल तिथे एकत्र येऊन मागणी करा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन आणि शिक्षण यांची जबाबदारी राज्यावर सोपवली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा वगळता खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी आहेत. हक्क मागायचाच आहे. परंतु हक्क मिळेपर्यंत लेकराचे तीन-चार वर्षांचे वय थांबून राहत नाही.

म्हणून माता-पित्यांना आणि आजी-आजोबांना माझी कळकळीची विनंती आहे. फी भरा, चांगली शाळा पाहा, पण लेकराच्या मनात एक गोष्ट पक्की बसू द्या की माझ्या घरच्या माणसांना पुष्कळ काही येते. ज्या मुलाला आपल्या आईच्या हाताचा, बापाच्या कामाचा आणि आजीच्या बोलीचा अभिमान आहे, ते मूल कोणत्याही शाळेत मान खाली घालून बसणार नाही. आज रात्री जेवायला बसताना मोबाईल बाजूला ठेवा आणि लेकराला सांगा, "बाळा, आपण किती जण? तेवढ्या ताटल्या आण बघू."

जयभीम.