वेग उतरवताना

खूप दिवसांनी लिहितोय. खरं तर हे दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं, पण धीर होत नव्हता. आई, तू हे वाचशील म्हणून आधीच सांगून टाकतो... सगळे सुखरूप आहोत, आणि हो, ही गोष्ट तुझ्यापासून लपवली होती.

आमच्या मिसुरीत लेक ऑफ द ओझार्क्स नावाचा एक अवाढव्य तलाव आहे. १९३१ साली ओसेज नदीवर बॅग्नेल धरण बांधून झालं आणि डोंगरांच्या घळींमधून पाणी शिरत गेलं. नकाशावर हा तलाव वळवळणार्‍या अजगरासारखा दिसतो. किनारा हजार मैलांहून जास्त लांब. इथे वेगाचं वेड आहे. दर उन्हाळ्यात बोटींच्या शर्यती होतात, काठावर जत्रा भरते.

तर या तलावासाठी मी एक सेकंडहँड बोट घेतली. २२ फुटी, तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, मागे २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. वीस वर्षं हायवेवर गाडी चालवलेला माणूस, त्यात हर्णैला मामाच्या होडीत लहानपण गेलेलं. मला काय शिकायचंय! त्यात कायदाही माझ्या बाजूने. मिसुरीत १ जानेवारी १९८४ नंतर जन्मलेल्यांना बोट चालवायची तर सुरक्षेचा कोर्स करून कार्ड घ्यावं लागतं. मी १९७४ चा, मला सूट. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीकडे कार्ड होतं, माझ्याकडे नव्हतं. यावरून ती मला चिडवायची आणि मी हसण्यावारी न्यायचो.

जूनमधली एक सकाळ. बायको मागे, लेक माझ्या शेजारी. पाणी छान होतं. मी थ्रॉटल पुढे ढकलत गेलो. साठ, पासष्ट, सत्तर मैल. आणि बोट डुलायला लागली. आधी अगदी हळू, पाळणा हलावा तशी. डावीकडे कलली म्हणून मी चाक उजवीकडे फिरवलं. ती उजवीकडे जास्त कलली. मी डावीकडे फिरवलं. तीन-चार झोक्यांत असं झालं की प्रत्येक झोक्याला एक बाजू पाण्यावर दाणकन आपटत होती. घाबरून मी थ्रॉटल एकदम मागे खेचला.

तीच मोठी चूक. बोटीचं नाक धाडकन खाली गेलं, पाण्यात रुतलं आणि मागचा भाग गर्रकन फिरला. लेक सीटवरून उडून बाजूच्या कठड्यावर आपटली. एक हात बाहेर, डोकं बाहेर... बायकोने तिचं जॅकेट धरलं होतं. मनगट मोडलं आणि हनुवटीला चार टाके पडले. एवढ्यावर निभावलं.

सगळं शांत झाल्यावर माझी नजर खाली गेली. इंजिन बंद करणारी लाल दोरी डॅशबोर्डला नुसतीच लटकत होती. तिचं दुसरं टोक चालवणार्‍याच्या अंगाला अडकवायचं असतं. तो फेकला गेला की दोरी सुटते, इंजिन बंद पडतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरून पाण्यात पडलेल्या माणसांवरच परत येऊ शकते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोटींसाठी ही दोरी वापरण्याचा केंद्राचा कायदाही झालाय. माझी मात्र शोभेला होती.

दोन महिने बोट ताडपत्रीखाली. विकूनच टाकणार होतो. पण लेकच म्हणाली, "बाबा, विकू नको. शीक."

शिकवायला एक सत्तरीचा म्हातारा मिळाला, जुना रेसर. पहिला तासभर त्याने इंजिन चालूच करू दिलं नाही. स्टीअरिंगचं चाक किती रिकामं फिरतं ते बघ, तेल बघ, सुटी वस्तू एकही ठेवू नको, सगळ्यांची जॅकेटं आवळ. मग त्याने आमच्या त्या दिवशीच्या प्रकाराचं नाव सांगितलं : चाइन वॉक.

बोटीचा तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड म्हणजे चाइन. वेग वाढला की बोट पाण्यातून वर उचलली जाते. सत्तरला बहुतेक बोट हवेत, पाण्याला टेकलेला तो मागचा थोडासा चिंचोळा तळ. सायकलसारखाच तोल. त्यात फिरणारा पंखा तिला एका बाजूला पिळतो. मग ती या कडेवरून त्या कडेवर पावलं टाकत चालते. आपण चाक फिरवतो ते कलल्यानंतर. म्हणजे आपली दुरुस्ती पोचेपर्यंत बोट परत निघालेली असते, आणि आपण तिला त्याच दिशेने आणखी ढकलतो. मीच झोका देत होतो!

यावर उपाय? पहिली डुलकी जाणवताच थ्रॉटल थोडा कमी, इंजिनाचा कल थोडा खाली. हा कल म्हणजे ट्रिम. इंजिन बाहेर कललं की नाक उचलतं, आत घेतलं की नाक खाली येऊन बोटीचा जास्त तळ पाण्याला टेकतो. पण सगळं हळू. एकदम काहीही नाही.

पुढचे चार शनिवार त्याने एकच करून घेतलं. तीसपर्यंत ने, उतरव. चाळीसपर्यंत ने, उतरव. वळायच्या आधी वेग कमी, ट्रिम आत, मगच चाक. दुसर्‍या बोटीच्या लाटा दिसल्या की लांबूनच वेग उतरव. मी वैतागून म्हटलं, वर न्यायचं कधी शिकवणार? तो म्हणाला, ते तर तुला येतच होतं.

एकदा मी काट्याकडे बघत बसलो तर त्याने खांद्यावर टपली मारली. साठ मैलांच्या वेगाला बोट सेकंदाला ८८ फूट जाते. दोन सेकंद काटा बघितला की क्रिकेटच्या अडीच पिचांहून जास्त अंतर तुम्ही आंधळे.

घरी येऊन मी डोनाल्ड कॅम्पबेलबद्दल वाचलं. ४ जानेवारी १९६७, इंग्लंडमधलं कॉनिस्टन वॉटर. विक्रमासाठी उलटसुलट दोन फेर्‍यांची सरासरी लागते. पहिली फेरी त्याने ताशी २९० मैलांहून जास्त वेगाने केली आणि पाणी निवण्याची वाट न बघता परत फिरला. त्या फेरीत ब्लूबर्ड हवेत उडाली आणि तो गेला. कारणांवर अजून चर्चा होते. पण मला ती न थांबलेली काही मिनिटंच आठवत राहतात. कुठे तो आणि कुठे मी, पण घाई ओळखीची वाटली.

आणि हर्णै आठवलं. मामा किनारा लांब असतानाच मशीन बंद करायचा आणि सुकाणूवर हात ठेवून होडी नुसती वाहू द्यायचा. मला कंटाळा यायचा. "अरे, होडीला ब्रेक नसतो," तो म्हणायचा. तीस-पस्तीस वर्षं हे वाक्य माझ्याकडे पडून होतं.

असो. आता कार्ड काढलंय मी, सूट असली तरी. गेल्या उन्हाळ्यात लेकीने पहिल्यांदा बोट साठच्या पुढे नेली. मी शेजारी, तिच्या त्या दिवशीच्या जागेवर. तिने आधी लाल दोरी जॅकेटला अडकवली, ओढून बघितली. "बाबा, घट्ट धर." वाटेत एकदा बोट किंचित डुलली. माझा हात थ्रॉटलकडे जाणारच होता. तिने एवढासा वेग कमी केला, ट्रिम आत घेतला, बोट शांत झाली. चाक तिने हलवलंही नव्हतं.

हनुवटीवरची खूण अजून आहे. उन्हात जास्त दिसते.