हाताच्या कामाचा दाम



चाळीस वर्षे कीर्तनसेवा केली. नारळ आला की होकार द्यायचा, गावाने प्रेमाने दिलेले पाकीट कपाळाला लावायचे, आकडा तोंडातून काढायचा नाही, हा माझा नेम. त्या नेमाचा मला अभिमान होता. तो कसा उतरला, ते सांगतो.

माझा पुतण्या पुण्याला हिंजवडीत प्रोग्रामर होता. ११ वर्षांची नोकरी सोडून त्याने स्वतंत्र सल्लागार व्हायचे ठरवले. विचारायला आला, "काका, कामाचे पैसे कसे मागू? जीभ रेटत नाही." मी ऐटीत म्हणालो, "मागू नकोस. काम चोख कर, विठ्ठल देईल."

पोराने ऐकले. पहिल्याच गिऱ्हाइकाशी ना दर ठरवला, ना कागद केला. "एवढे जरा बघा" म्हणता म्हणता काम दुप्पट झाले. चार महिने गेले, हाती रुपया नाही. घराचा हप्ता मात्र चुकत नव्हता. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा सूनबाई काही बोलल्या नाहीत. पोह्यांची बशी पुढे ठेवून आत गेल्या. ते मला लागले.

रात्री झोप येईना. मी न मागता जगलो कसा? आमच्या मंडळींचे शिलाई मशीन रात्री अकरापर्यंत चालायचे म्हणून! आणि ती प्रत्येक पोलक्याची शिलाई आधी सांगायची. माझा नेम तिच्या कष्टांवर उभा होता, आणि एकाही कीर्तनात मी हे बोललो नव्हतो.

सकाळी म्हणालो, "बाळा, माझे चुकले. गोरोबाकाका मडकी घडवीत, सावतोबा मळा राखीत, नामदेवरायांच्या घरी शिवणकाम. भजन विकायचे नसते. पण मडक्याला मोल असते. तुझे काम मडक्याच्या जातीचे आहे."

मग त्याने मला हिशेब दाखवला. नोकरीत पगाराखेरीज भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा १२ टक्के वाटा, विमा, भरपगारी रजा असते. आता ते सारे आपल्याच खिशातून. शिवाय महिन्यातला प्रत्येक तास विकला जात नाही. गिऱ्हाईक शोधण्यात, बिले करण्यात वेळ जातो. म्हणून जुना पगार तासांनी भागून दर काढला, तर तोटाच. आता तो काम आधी लिहून घेतो, काही रक्कम आगाऊ घेतो, वाढीव कामाचा दर वेगळा सांगतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय मोठी खरेदी करीत नाही.

यंदा तो माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालला. मी विचारले, "एवढे दिवस कमाई बुडाली ना रे?"

तो हसला. "नाही काका. वारीचे दिवस मी दर ठरवतानाच धरले होते."

माउली, पांडुरंगाला वेळ द्यायचा, तर त्याचा भार घरातल्या दुसऱ्याच्या पाठीवर टाकू नये. मला हे सत्तरीत कळले.