अंड्यातूनच आलेला रोग

आमचं देवळी म्हणजे कापसाचा मुलूख. विहिरीवर अर्धा एकर तुती लावून आम्ही रेशमाच्या अळ्या पाळल्या, तेव्हा शेजारी हसले. हसोत बापडे! पण दुसऱ्या खेपेला अळ्या लहानमोठ्या दिसू लागल्या, पाला खाईनात. अंगावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. घरची म्हणाली, "पाला बाधला असेल."

रेशीम खात्यातल्या साहेबांनी एक अळी वाटून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मीही डोळा लावला. तांदळासारखे लांबट, चकाकणारे दाणे! हा पेब्रिन, फ्रान्समध्ये मिऱ्यावरूनच हे नाव पडलं. हा परोपजीवी मादी पतंगाच्या पोटातून अंड्यात उतरतो, म्हणजे अळी जन्मतःच रोगी. औषध नाही. तिकडचा रेशीमधंदा यानं बुडत होता, तेव्हा १८६५ साली लुई पाश्चर यांनी या कामाला हात घातला. त्यांची युक्ती साधी: अंडी घातलेली मादी वाटून तपासायची, दाणे दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. आजही निरोगी अंडीपुंज असेच निवडतात.

आमची खेप जाळावी लागली. वर्षाचा किराणाच जळाला म्हणा. अंडीपुंज देणाऱ्याकडं तपासणीचा कागद मागितला, तर तो नुसता हसला.

ब्लिचिंगनं खोली, ट्रे, जाळ्या धुतल्या. आता अंडीपुंज आले की घरची आधी कागद बघते, मग पैसे मोजते.